नफा चौदा लाख, बँकेत तीन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारापुढे ताळेबंद ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "नफा चौदा लाख म्हणताय, मग पैसा कुठाय?" नफा-तोटा पत्रकात उत्तर सापडत नाही. दोन मार्चअखेरचे ताळेबंद शेजारी ठेवून खेळत्या भांडवलातल्या बदलाचा तक्ता मांडावा लागतो.

नमुन्याचे आकडे घेऊ, सगळे लाखांत. सूत आणि तयार माल ४० वरून ५२. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडची उधारी, ६० वरून ७८. रोख-बँक ५ वरून ३. सुतवाल्यांची देणी ४५ वरून ३८. कॅश क्रेडिट, म्हणजे माल-उधारीवर बँकेनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंतचं कर्ज, दोन्ही वर्षी ३०, मर्यादेला टेकलेलं. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की गेल्या वर्षी ३०, यंदा ६५. खेळतं भांडवल ३५ नं वाढलं. फंड फ्लोमध्ये, म्हणजे निधी कुठून आला आणि कुठे गेला हे सांगणाऱ्या पत्रकात, ही वाढ निधीचा वापर म्हणून दाखवतात.

आता निधी आला कुठून? १४ नफ्यात ९ घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी लावलेला खर्च) परत मिळवायचा, कारण तो खर्ची पडला तरी पैसा बाहेर गेलेला नसतो. धंद्यातून आले २३. नातेवाइकांकडून दीर्घ मुदतीचे २०. एकूण ४३, पैकी ३५ खेळत्या भांडवलात, ८ मालकाची उचल. जुळलं.

चूक हमखास होते ती देण्यांपाशी. देणी ७ नं घटली म्हणजे खेळतं भांडवल ७ नं वाढलं, आणि तेवढा निधी अडकला. नवशिका इथं चिन्ह उलटं लावतो. देणी घटण्यामागे कधी कधी करही असतो: सूत देणारा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदत उलटलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं होईल त्याच वर्षी खर्च म्हणून मिळतं. मुदत लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धडाधड पेमेंटं सुटतात.

अजून एक. इथं निधी म्हणजे खेळतं भांडवल, रोकड नव्हे. वरच्या उदाहरणात खेळतं भांडवल ३५ नं फुगलं, पण रोकड २ नं कमी झाली. ताळा असा: २३ मधून माल १२, येणी १८, देणी ७ वजा केले की उणे १४, त्यात २० मिळवून ८ काढले की उणे २. बँकेचा हप्ता रोकडीतूनच जातो, त्यामुळे माझ्या मते कारखानदारानं हा ताळा आधी बघावा.

यंत्राच्या पुरवठादाराची बाकी चालू देण्यांत घुसवू नका, आणि माल विक्रीच्या भावानं मोजू नका. येण्यांची वयवार यादी (कोणती उधारी किती दिवसांची) मात्र दर महिन्याला काढा. ९० दिवसांवरची उधारी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कॅश क्रेडिटमधून किती काढता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत, म्हणजे ताळेबंदात ७८ दिसले तरी कर्ज त्यापेक्षा कमी रकमेवर मिळतं. शिवाय चादरीवाल्यांचा माल थंडीच्या आधी साठतो; सप्टेंबरमधली ओढाताण मार्च ते मार्च तुलनेत दिसतच नाही. त्यांनी हाच तक्ता सप्टेंबरअखेरही मांडावा.