आमच्या शिबिराला गावानं किती मार्क दिले असते?

परवा इथं अमेरिकेत सर्व्हिस लर्निंगच्या, म्हणजे समाजात काम करून शिकायच्या, वर्गात एक फॉर्म दाखवला आणि माझं डोकं तिथंच अडकलं. सत्रभर आम्ही ज्या संस्थेत काम करतो ती संस्था शेवटी आमच्याबद्दल लिहिणार. पोरं वेळेवर आली का, सांगितलेलं ऐकलं का हे तर त्यात होतंच, पण एक प्रश्न असा होता: विद्यार्थ्यांमुळं तुमचं काम कमी झालं की वाढलं?

माझं काम एका फूड पँट्रीत आहे. गरजूंना फुकट किराणा मिळतो ती जागा. डबे तपासायचे, तारखा बघायच्या, शिवणीवर चेपलेला डबा बाजूला काढायचा आणि बाकीचे रॅकवर लावायचे. लोक येऊन आपल्याला हवं ते निवडून नेतात. त्यात आमच्याच विद्यापीठाची पोरंही असतात, म्हणून फोटोला सक्त मनाई. तिकडं भारतात धाकटा भाऊ फोनवर सांगतो की त्यांच्या कॉलेजात प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो लागतो, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं कौतुक सुरू झालं. तसं नाही. आपली एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 24 सप्टेंबर 1969 ची, गांधी जन्मशताब्दीची, 37 विद्यापीठांत एकदम सुरू झालेली. इथल्या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी समाजसेवेसाठी कॅम्पस कॉम्पॅक्ट काढलं ते 1985 साली. सोळा वर्षं आपण पुढं. शिवाय ही मंडळी तीन तास काम करून गाडीत बसून घरी जातात. आपलं हिवाळी शिबिर म्हणजे सात दिवस गावातच मुक्काम, झेडपीच्या शाळेत सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी पेंग आणणारं बौद्धिक, रात्री पथनाट्य. औसा तालुक्यातल्या त्या गावात बायांनी घरोघरून आणून दिलेल्या भाकरी आणि ठेचा अजून आठवतो. इथं पँट्रीत शिरायच्या आधी सही करावी लागते, की मला काही लागलं-बिगलं तर संस्था जबाबदार नाही. आमच्या हातात टिकाव-खोरं देताना कुणी कागद पुढं केला नव्हता.

आणि दर आठवड्याला चिंतन लिहायचं ते वेगळंच. एकदा विषय आला, ‘तुम्हाला जन्मानं मिळालेल्या सोयी’. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आम्ही घागरी घेऊन बघितलंय. काय लिहू? लिहिलं तेच. मॅडमना फार आवडलं, त्याचाही रागच आला.

पण तो फॉर्म काही सोडत नाही. शिबिराच्या समारोपाला सरपंच बोलले, प्राचार्य बोलले, प्रोग्राम ऑफिसर सरांनी अहवाल वाचला: इतके मीटर नाली, इतके शोषखड्डे, इतकी रोपं. दत्तक गावाला कुणी काही विचारलं नाही. खरं तर एका आजीनं न विचारताच सांगितलं होतं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “लेकरांनो, नाली खांदलाव ते बरं केलाव, पर पाणी माझ्याच दारात सोडलाव की रे!” आम्ही हसलो, सरही हसले. उतार तिकडंच होता, आम्ही तरी काय करणार? आणि नकाशा ग्रामपंचायतीनं दिला होता. अहवालात मीटर आले, आजी आली नाही.

इथलाही फॉर्म काही सोवळा नाही म्हणा. पँट्री सांभाळणाऱ्या बाई मागच्या सत्रातल्या पोरांचे फॉर्म भरताना मी शेजारी उभा होतो. गर्दीच्या वेळी, फोन कानाला, सगळ्यांना पाचपैकी पाच. आजीनं असं फुकट दिलं नसतं.

भावाला आता नव्या शैक्षणिक धोरणातल्या सीईपीचे, म्हणजे समाजात जाऊन करायच्या कामाचे, क्रेडिट मिळवायचेत, आणि त्याच्या गटाला काम नेमकं नालीचंच आलंय. मी त्याला फॉर्मबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “दादा, पण फोटो तर लागणारच ना?” काढ की म्हटलं. फक्त पाणी कुणीकडं उतरवायचं ते टिकाव मारायच्या आधी विचार, आणि सरपंचाला नको, जिच्या दारावरून ते जाणार आहे तिला विचार.