तुम्ही विचारलंत म्हणून : आठांपैकी पहिला

‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतला सर्वांत चांगला चित्रपट कोणता, हा प्रश्न मला माझा भाचा विचारतो, नाटकातली मंडळी विचारतात आणि पणजीला खेळ पाहून बाहेर पडताना कोणी ओळखीचे भेटले तर तेही विचारतात. १९९६ पासून २०२५ पर्यंत आठ चित्रपट आले आणि मी ते सगळे एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत, हे या सर्वांना ठाऊक आहे. माझे उत्तर मात्र बहुतेकांना पटत नाही, कारण त्यांना सहाव्या, ‘फॉलआउट’चे नाव ऐकायचे असते आणि मी पहिल्या चित्रपटाचे नाव घेतो. उभ्या उभ्या त्याची कारणे सांगता येत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला रात्री मराठी नाटक होते आणि त्याची प्रकाशयोजना मी पुष्कळ वर्षे सांभाळली. कोणत्या वाक्याला कोणता दिवा मंद करायचा, कोण कोणत्या विंगेतून येणार, हे तालमींच्या दिवसांत वहीत उतरवून घ्यायचे आणि प्रयोगाच्या रात्री त्यातले काहीतरी चुकणारच हे मनात धरून उभे राहायचे, ही माझी सवय आहे. त्यामुळे हेरांच्या या चित्रपटांत मी सर्वांत आधी बेत पाहतो. तो प्रेक्षकाला अगोदर किती सांगितला आहे आणि मोडू लागल्यावर माणसे तो कसा सावरतात, यावर माझी पसंती ठरते.

ब्रायन डी पाल्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात लँगली येथील सीआयएच्या मुख्यालयातून गुप्तहेरांची यादी पळवायची असते. त्या खोलीचे नियम आपल्याला आधीच समजावून दिले जातात: कुजबुजीहून मोठा आवाज झाला, जमिनीवर थोडासा भार पडला किंवा माणसाच्या अंगातल्या उष्णतेने तापमान वाढले, तर धोक्याची घंटा वाजणार. एवढे कळल्यावर टॉम क्रूझ यांनी रंगवलेला मालिकेचा नायक, हेर ईथन हंट दोराला लटकून खाली उतरू लागतो, तेव्हा पार्श्वसंगीताची गरजच उरत नाही. वर दोर धरणाऱ्याजवळ उंदीर येतो, दोर सुटतो, ईथन जमिनीला टेकता टेकता थांबतो आणि चष्म्यावरून ओघळणारा घामाचा थेंब खाली पडण्याआधी तळहातावर झेलतो. स्फोट नाही, गोळीबार नाही; तरीही नियम ठाऊक असल्यामुळे प्रत्येक प्रेक्षक स्वतःचाच श्वास रोखून बसतो. पुढच्या सात चित्रपटांत याच्याहून महाग दृश्ये पुष्कळ आहेत, पण प्रेक्षकाला इतके आत ओढून घेणारे दुसरे दृश्य मला सापडलेले नाही.

चाहत्यांची तुलना हल्ली बहुधा साहसदृश्यांवरून चालते. त्यामागचे प्रेम मी समजू शकतो, कारण ती दृश्ये जिवावर उदार होऊन केलेली आहेत. २०१८ च्या ‘फॉलआउट’साठी क्रूझ यांनी २५,००० फुटांवरून उडी घेतली, आणि लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर झेप घेताना घोटा मोडला असतानाही ते उठून पुढे गेले, तोच शॉट चित्रपटात ठेवलेला आहे. शेवटचा हेलिकॉप्टरांचा पाठलाग काश्मीर म्हणून न्यूझीलंडच्या डोंगरांत चित्रित झाला असला, तरी त्यातली भीती खरी वाटते. मात्र या चित्रपटात बेताची जागा बऱ्याच ठिकाणी ईथनच्या धाडसाने घेतली आहे, आणि म्हणून तो मला थक्क करतो, पण गुंतवत नाही.

दुसरा क्रमांक मी ब्रॅड बर्ड यांच्या २०११ मधल्या ‘घोस्ट प्रोटोकॉल’ला देतो. तिथे ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाच्या काचांवर चढताना भिंतीला चिकटणारा हातमोजा बंद पडतो, आणि दुसऱ्याचा हुबेहूब चेहरा देणारे मुखवटे तयार करणारे यंत्रही ऐन वेळी बिघडते. या मालिकेचा सगळा डोलारा ज्या मुखवट्यांवर उभा, त्यांच्याविना दोन मजल्यांवर दोन खोट्या भेटी एकाच वेळी निभावून न्याव्या लागतात. आमच्याकडे एकदा रंगात आलेल्या प्रवेशात वीज गेली आणि नटांनी समईच्या उजेडात तो प्रवेश पुरा केला, त्या रात्रीची आठवण मला दर वेळी इथे होते.

२०१५ च्या ‘रोग नेशन’मधला व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रसंगही याच गुणामुळे उत्तम आहे. गायनातल्या एका ठरावीक उंच स्वरावर गोळी झाडायची असते आणि तो स्वर स्वरलिपीत खूण करून आपल्याला दाखवलेला असतो. गाणे ऐकायची सवय असलेला आपल्याकडचा माणूस जशी समेची वाट पाहतो, तशी इथे सगळे नाट्यगृह नकळत त्या स्वराची वाट पाहते.

मालिकेतल्या दुसऱ्या, जॉन वू यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात मुखवटे इतके उतरतात की त्यांचे नवल राहत नाही. तिसऱ्याला फिलिप सीमोर हॉफमन यांच्या थंड खलनायकाने वाचवले आहे. सातव्यातली नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकलसह घेतलेली उडी आम्ही जाहिरातींतच इतक्यांदा पाहिली होती, की थिएटरात तिची उत्कंठा उरली नाही.

माझ्या उत्तरावरचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. १९६६ ते १९७३ या काळात चाललेल्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेत जिम फेल्प्स हा पथकाचा विश्वासू नायक होता आणि पहिल्या चित्रपटाने त्यालाच फितूर ठरवले. जुन्या प्रेक्षकांना ते लागले, आणि त्यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही.

पहिल्या चित्रपटावरचा माझा जीव आठव्यामुळे आणखी वाढला. लँगलीच्या त्या खोलीत काम करणारा विल्यम डॉनलो पेयात मिसळलेल्या औषधाने बेजार होतो, चोरी त्याच्या पाळीत घडते, आणि त्याची रवानगी अलास्काला करण्याचे फर्मान निघते. २०२५ च्या ‘द फायनल रेकनिंग’मध्ये तोच डॉनलो, तेच नट रॉल्फ सॅक्सन, बर्फात संसार मांडून राहिलेला भेटतो आणि त्याच्या मनात ईथनविषयी कटुता नसते. चित्रपट लांबलेला आहे, संवादांनी जड झालेला आहे, पण या एका माणसाकडे एकोणतीस वर्षांनी वळून पाहिले म्हणून मी त्याला पुष्कळ माफ करतो. तो पाहून आलो त्या रात्री घरी पहिला चित्रपट पुन्हा लावला, आणि या खेपेला दोराकडे पाहायचे सोडून, पोट धरून खोलीतून पुन्हा पुन्हा बाहेर धावणाऱ्या डॉनलोकडेच पाहत राहिलो.