युद्ध कुणाला वाचवायला झालं होतं?

हिटलर म्हणजे 'डॅशिंग माणूस' असं म्हणणारा एक तरी मुलगा दर वर्षी वर्गात असतोच. फोर्टच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र स्पर्धा परीक्षांच्या गाइडशेजारी मांडलेलं असतं, त्यामुळे मी त्या मुलाला फार दोष देत नाही. मी परळ भागातल्या एका रात्रशाळेत बारावीला इतिहास शिकवते. वर्ग साडेसहाला भरतो, तो हजेरीपटावर. मुलं सातपर्यंत येत राहतात. कुणाच्या पाठीवर कुरिअरची बॅग, कुणाच्या शर्टाला कॅन्टीनच्या तेलाचा वास. एक सिक्युरिटी गार्ड आहेत, चाळिशीचे, त्यांना सगळा वर्ग काका म्हणतो. मीही म्हणते.

महायुद्धांच्या धड्याला मी शांतता-शिक्षणाचा एक जादा तास जोडते. शांतता-शिक्षण म्हटलं की लोकांना कबुतरं आणि सहा ऑगस्टची, हिरोशिमा दिनाची प्रभातफेरी आठवते. माझ्याकडे त्यातलं काही नसतं. फळ्यावर दोन रकाने आखायचे: युद्ध सुरू होताना काय कारण सांगितलं गेलं, आणि संपल्यावर काय. मग तारखांचे कागद वाटायचे आणि कोणता कागद कुठे चिकटवायचा यावर मुलांना भांडू द्यायचं.

त्या संध्याकाळी मी आधी नुसतंच विचारलं, "दुसरं महायुद्ध कशासाठी झालं?" पाठ्यपुस्तकात व्हर्सायचा तह आहे, हुकूमशाही आहे, राष्ट्रसंघाचं अपयश आहे. पण मागच्या बाकापासून पुढच्यापर्यंत एकच उत्तर आलं: "ज्यूंना वाचवायला." पुस्तकात हे कुठेच नाही. हे सिनेमातून येतं, मोबाइलवरून येतं, आणि इतकं घट्ट बसलेलं असतं की पुस्तकही त्याच्यापुढे हरतं.

मग कागद वाटले. जुलै १९३८, फ्रान्समधलं एव्हियाँ : ज्यू निर्वासितांचं काय करायचं यावर बत्तीस देश बसले, आणि डोमिनिकन रिपब्लिक सोडलं तर कुणीच दार नीट उघडलं नाही. मे १९३९ : ब्रिटनने आपल्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये येणाऱ्या ज्यूंवर मर्यादा घातली, पाच वर्षांत पंचाहत्तर हजार. त्याच महिन्यात 'सेंट लुईस' हे जहाज हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन निघालं, बहुतेक सगळे ज्यू. क्युबातल्या हवानात फक्त काही जणांना उतरू दिलं, अमेरिकेने कुणालाच नाही. जहाज युरोपला परतलं. त्यातल्या अडीचशेहून अधिक लोकांचा पुढे नाझींनी बळी घेतला.

"परत पाठवलं?" कॅन्टीनमध्ये काम करणारा मुलगा म्हणाला. "फुल जहाज?"

"फुल जहाज."

ब्रिटनने सुमारे दहा हजार मुलं स्वीकारली होती, तो कागदही त्यात होता. तो लपवला तर माझ्या आणि सिनेमाच्या गोष्टीत फरक काय राहिला? पण सप्टेंबर १९३९ला ब्रिटन युद्धात उतरलं ते पोलंडला दिलेल्या शब्दावर, आणि अमेरिका उतरली डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर. एप्रिल १९४३मध्ये, म्हणजे कत्तलीची बातमी दोस्तराष्ट्रांनी स्वतःच जाहीर केल्यानंतर, बर्म्युडात निर्वासितांवर पुन्हा परिषद झाली. हाती काही लागलं नाही. पहिल्या रकान्यात ज्यूंचं नाव असलेला एकही कागद चिकटेना.

हिटलर डॅशिंग म्हणणारा याचीच वाट बघत होता. "म्हणजे मॅडम, सगळे सारखेच. त्याला उगाच बदनाम केलाय."

या तासाची मला भीती वाटते ती इथेच. युद्धाच्या समर्थनाला प्रश्न विचारायला गेलं की गुन्हेगाराला सुटायला फट मिळते, आणि काही जण त्या फटीसाठीच प्रश्न विचारतात. मी त्याला २० जानेवारी १९४२चा कागद दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. बर्लिनजवळ वान्झे तळ्याकाठच्या एका बंगल्यात, युरोपातल्या ज्यूंचा संहार कसा पार पाडायचा यावर नाझी अधिकारी बसले. त्यांच्यापुढे देशवार यादी होती, कुठे किती ज्यू. बेरीज एक कोटी दहा लाख. ज्या देशांवर जर्मनीचा ताबाही नव्हता ते देश यादीत होते, इंग्लंडसुद्धा. त्याने शेवटचं वाक्य पुटपुटत वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

काका म्हणाले, "अरे, बिल्डिंगला आग लागली आणि बाजूच्याने गच्चीचं कुलूप काढलं नाही, तर त्याला मी शिव्या देईन. पण आग लावली त्याला पोलिसात देईन. दोन वेगळ्या केस आहेत."

मी जे सांगायला दहा मिनिटं घेतली असती ते झालं. पुढे गेलो.

पुढे जे झालं त्यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता. भांडुपहून येणारी एक मुलगी, दिवसा डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिसेप्शनला असते, फारशी बोलत नाही. मी भारताचा कागद लावत होते : ३ सप्टेंबर १९३९, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबईचं बाळासाहेब खेरांचंही. वर्ग खूश झाला. आपल्याला विचारलंच नाही, म्हणजे युद्ध आपलं नव्हतंच, असा सोपा निकाल लागत होता.

ती म्हणाली, "मॅडम, माझे पणजोबा गेले होते. महार रेजिमेंटमध्ये. त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं."

आणि मग तिने सगळं सांगितलं, घरात ऐकलेलं. एके काळी महारांना फौजेत घेत असत, पुढे इंग्रजांनी ती भरती बंद केली. बाबासाहेबांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून जोर लावला, १९४१मध्ये रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब स्वतः १९४२मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नाझींचा विजय हा भारतालाही धोका आहे असं त्यांचं मत होतं. "पणजोबांना पोलंड कुठे आहे ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "गावात सावली चालत नव्हती त्यांची. युनिफॉर्म घालून गावात गेले ते. आजी सांगते."

पहिला रकाना नाही, दुसरा नाही. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय फौजेत होते, सगळे भरती होऊन गेलेले. कुणी पगारासाठी, कुणी जमिनीच्या आशेने, कुणी गणवेशासाठी. मी खडूने तिसरी रेघ ओढली आणि वर लिहिलं : 'जे गेले ते कशासाठी गेले.' त्याखाली तिने स्वतः येऊन लिहिलं. काय लिहिलं ते मी इथे सांगत नाही, ते तिच्या घरचं आहे.

यावर वर्गात जी चर्चा झाली ती मी चालवली नाही. युद्ध चुकीचं आणि पणजोबा बरोबर, असं होऊ शकतं का? कुरिअरवाला म्हणाला नाही होऊ शकत. काका म्हणाले, का नाही, नोकरी करणारा माणूस कंपनीच्या धंद्याला जबाबदार असतो का? "थोडा असतो," ती मुलगी म्हणाली. मला तिचं ते 'थोडा' फार आवडलं.

शेवटचा कागद होता ऑक्टोबर १९४३चा, डेन्मार्कचा. जर्मन ताब्यातल्या त्या देशात ज्यूंना उचलायची तारीख एका जर्मन अधिकाऱ्यानेच फोडली, आणि पुढच्या काही आठवड्यांत साध्या लोकांनी सात हजारांवर माणसं मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचवली. वरळी कोळीवाड्यातला एक मुलगा तोवर बाकावर डोकं टेकून होता. तो उठून बसला. "मधलं पाणी किती?" अगदी अरुंद जागी साधारण चार किलोमीटर, मी सांगितलं. "म्हणजे सी-लिंकपेक्षा कमी." मग त्याने हिशेबच मांडला : लहान होडीत माणसं कुठे लपवणार, मासळीच्या खणात किती मावतील, रात्री इंजिनाचा आवाज किती लांब जातो, ऑक्टोबरात तिकडचं पाणी कसं असेल. आणि मग, "फुकट नसतील नेत ते."

नव्हते नेत. बऱ्याच कोळ्यांनी पैसे घेतले, सुरुवातीला तर भरपूर. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी गोळा केले. मुलाला यात काही वाईट वाटलं नाही. "बोट पकडली तर धंदाच गेला ना. घेणारच." वीरकथा म्हणून सांगितलं असतं तर तो परत झोपला असता.

तास संपत आला तेव्हा मला वाटलं, जमलं. आणि भांडुपच्याच मुलीने हात वर केला. "पण मॅडम, ऑशविट्झची ती मृत्युछावणी सोडवली कुणी?"

"रशियन सैन्याने. २७ जानेवारी १९४५."

"सैन्यानेच ना. होड्या तिथे नव्हत्या पोहोचणार."

खरं होतं. मी म्हणाले की सामूहिक हत्या सुरू झाल्या त्या १९४१मध्ये रशियावरच्या स्वारीबरोबर, युद्धाच्या आडोशानेच. की ऑगस्ट १९४४मध्ये अमेरिकी विमानांनी ऑशविट्झच्या गॅस चेंबर्सपासून आठ किलोमीटरच्या आतल्या कारखान्यावर बॉम्ब टाकले आणि छावणीवर टाकले नाहीत. की १९३८मध्ये बत्तीस देशांनी व्हिसा दिले असते तर होड्यांची गरजच पडली नसती. तिने सगळं ऐकून घेतलं. "हो, पण ते १९३८ला. १९४४ला आत असलेल्या माणसाने काय करायचं?"

माझ्यापाशी याचं उत्तर नाही, असं मी तिला सांगितलं. १९३८चा प्रश्न १९४४च्या माणसाला पुरत नाही, आणि १९४४चं उत्तर घेऊन १९३८चे लोक सुटत नाहीत, इतकंच मला दिसतं. ती म्हणाली, मग दोन्ही लिहा. मी फळ्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या.

दारात अकाउंट्सचे सर हजेरीपट घेऊन उभे होते. बेंच सरकले, डबे उघडले. हिटलरवाला मुलगा टेबलापाशी आला. मला वाटलं वाद घालेल. त्याने विचारलं, "मॅडम, बोर्डात दुसऱ्या महायुद्धाची कारणं आली तर यातलं काय लिहायचं?"

"पुस्तकातलं लिही," मी म्हणाले. "पुस्तकात चूक काही नाही."

"मग हे सगळं?"

"हे मार्कांचं नाही."

"तरी तो वान्झेचा कागद द्या," तो म्हणाला. "झेरॉक्स मारून आणतो."