क्यूची केस गळायला लागली तेव्हा

पूल टेबलाच्या निळ्या कापडावर काळा चुरा दिसला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी पुडीतून चहाची पावडर सांडली. पूल पार्लरमधल्या पोराने ब्रश फिरवला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या केसमधून पडतंय." बघितलं तर खरंच. माझ्या क्यूच्या, म्हणजे पूल खेळायच्या काठीच्या, तीन पावसाळे काढलेल्या रेक्झिनच्या केसचे पापुद्रे निघत होते. क्यूला चिकटलेले, हातमोज्याला चिकटलेले, बॅगेच्या तळाशी तर मूठभर. घरी गेल्यावर बायकोने ती केस गॅलरीत नेऊन झटकली आणि म्हणाली, "डोक्यावरचे केस गळायचे ते गळतातच, आता ही केसही गळायला लागली?"

मी राहतो ठाण्याला, तळमजल्यावर. खेळतो आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर दादरला. म्हणजे क्यू सकाळपासून माझ्याबरोबर असतो. लोकलच्या रॅकवर, ऑफिसात खुर्चीमागे, मग पार्लरमध्ये. पूलचा क्यू साधारण 58 इंचांचा, पण मधोमध सुटतो. खालचा जाड बट आणि वरचा निमुळता शाफ्ट, दोन्ही 29 इंचांचे. म्हणून ही चैन परवडते. स्नूकरवाल्या मित्राचा क्यू तीन-चतुर्थांशावर सुटतो, त्याची पेटी जवळजवळ चार फुटांची. संध्याकाळी सहाच्या कल्याण फास्टमध्ये ती घेऊन चढणाऱ्याला लोक काय काय ऐकवतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर नवी केस घ्यायची, आणि ह्या खेपेला चामड्याचीच, असं मी ठरवून टाकलं. कारण काही फार खोल नव्हतं. रेक्झिनने दगा दिला, म्हणून चामडं. शिवाय चामड्याची केस खांद्याला लावून पार्लरमध्ये शिरलं की माणूस दोन फ्रेम आधीच जिंकून आल्यासारखा वाटतो. तयार परदेशी केसची किंमत बघून मी फोन बाजूला ठेवला आणि एका शनिवारी सायनला उतरून धारावी गाठली.

लिंक रोडवरच्या चकचकीत दुकानांत जॅकेट, पर्स, बेल्ट, सगळं आहे. क्यूची केस म्हटल्यावर मात्र चेहरे कोरे. एकाने मला बासरीची पिशवी दाखवली. शेवटी मागच्या गल्लीत पोटमाळ्यावर शिलाई करणाऱ्या एका मामांकडे कुणीतरी धाडलं. मामा सांगलीकडचे. त्यांनी माझी जुनी केस हातात घेतली, नखाने एक पापुद्रा उचलला आणि विचारलं, "ह्याला तुम्ही रेक्झिन म्हणताय व्हय?"

मग जे झालं ते मला कुठल्याही दुकानदाराने आजवर सांगितलं नव्हतं. मामांनी रापीने केसची कड तिरकी कापली आणि उजेडात धरली. खाली विणलेलं कापड, त्यावर पॉलियुरेथेन प्लास्टिकचा कागदासारखा पातळ थर. "हे पीयू. हाताला मऊ लागतंय, चामड्यागत दिसतंय, म्हणून लोक घेत्यात. दमट हवेत ह्याचा वरचा थर कुजतो आन् सुटतो. वापरा नाहीतर कपाटात ठेवा, सुटणारच." दुसरा तुकडा काढला तो व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा. थर जाड, हाताला जरा थंडगार आणि रबरी. पाणी त्याच्या अंगाला लागतच नाही, पापुद्रेही असे निघत नाहीत. त्याची खोड वेगळी. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उन्हाने, वर्षांनी निघून जातं. मग ते कडक होतं आणि जिथे रोज घडी पडते तिथे चिरतं.

म्हणजे इतके दिवस मी ज्याला रेक्झिन म्हणून शिव्या घालत होतो, त्यात दोन निराळ्या जाती निघाल्या आणि मी भलत्याच जातीवरून निकाल लावून बसलो होतो.

तरी मी हट्टाने म्हटलं, "मामा, चामड्याचीच करू या." त्यांनी मुकाट्याने तीन तुकडे मांडले. एक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं म्हशीचं. कापलेल्या कडेला निळसर-राखाडी झाक, हाताला लवचीक. दुसरं झाडपाल्याने कमावलेलं, हिरडा आणि बाभळीची साल वापरलेलं, कोल्हापुरी वहाणेसारखा वास आणि फळीसारखं ताठ. तिसरं दिसायला सगळ्यांत गुळगुळीत. ते उलटं करून दाखवलं तर मागून पुठ्ठ्यासारखं. चामड्याचा भुगा गोंदात थापून वर रंग दिलेला. "ह्यालाबी जेन्युइन लेदर म्हणून विकत्यात. तुमच्या केसागत हेबी सोलतंय." खऱ्या चामड्याच्या मागच्या बाजूने नख फिरवलं की तंतू उभे राहतात. तेवढी एक खूण मी लक्षात ठेवली आहे.

मला ते झाडपाल्याचं फारच आवडलं. वासानेच अर्धा विकला गेलो होतो. मामांनी विचारलं, "घर कुठं? कितव्या मजल्यावर?" तळमजला म्हटल्यावर त्यांनी तो तुकडा सरळ गुंडाळून ठेवला. बुरशी सगळ्याच चामड्याला धरते, पण झाडपाल्याने कमावलेल्याला जास्त लवकर. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे लग्नातले बूट दर गणपतीला कपाटातून बाहेर येतात तेव्हा त्यांवर हिरवट-पांढरी साय असते. त्यातून केस म्हणजे लोकलमध्ये भिजणार, ऑफिसच्या एसीत वाळणार, संध्याकाळी परत भिजणार. चामड्याचा भाव त्यांनी साडेसहा हजार सांगितला, व्हिनाइलचा दोन हजार आठशे. जास्त नफा कशात होता ते उघड होतं, तरी माणूस मला दुसरीकडेच ढकलत होता. तिथे माझा हट्ट संपला.

एक शंका मात्र मीच काढली. आमच्या शोकेसवर आईने प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं, ते दोन उन्हाळ्यांत पॉलिशला असं चिकटलं की काढताना पॉलिशही निघालं. तेच तेलकट द्रव्य. क्यूच्या बटलाही वर लॅकरचं पॉलिश असतं. गिटारवाल्यांच्या तक्रारी ऐकल्या होत्या, रेक्झिनचा पट्टा वाद्यावर तसाच राहिला की डाग पडतो म्हणून. मग व्हिनाइल आतून क्यूला लागलं तर?

ह्यावर बराच वेळ गेला, आणि खरं सांगायचं तर केसचा सगळा जीव इथेच आहे. बाहेरचं काहीही असो, क्यूला बाहेरचं लागताच कामा नये. मी हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचे प्लास्टिकचे पाइप आणले. बटसाठी 50 मिमीचे दोन, शाफ्टसाठी 32 मिमीचे दोन. माझ्याकडे खेळायचा एक आणि ब्रेकचा, म्हणजे डावाचा पहिला फटका मारायचा, एक असे दोन क्यू, म्हणजे दोन बट, दोन शाफ्ट. ह्या केसला 'टू बाय टू' म्हणतात. मामांनी जाड सुती फ्लॅनेलच्या लांबोळक्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक पाइपातून दोरीने ओढून घेतल्या आणि तोंडाशी बाहेर दुमडून चिकटवल्या. सदऱ्याची बाही आतून ओढावी तसं. तळाला नमद्याची गोल चकती, म्हणजे केस आपटली तरी क्यूच्या टोकावरच्या टिपेला धक्का नको. वेल्व्हेट नको म्हणालो, त्याची लव टिपेवरच्या चॉकला धरते. हा माझा आपला अनुभव, कुणी वाद घालू नये.

पंधरा दिवसांनी केस घ्यायला गेलो. सुंदर शिवली होती. क्यू आत घातले, झाकण लावलं, आणि ते बसेना. पाऊण इंच कमी. चूक शंभर टक्के माझी. मी माप दिलं ते नुसत्या क्यूचं. जॉइंटच्या पेचावर जी टोपणं चढतात ती घरी डब्यात राहिली होती. टोपणासकट प्रत्येक तुकडा वाढतो, हे मोजताना डोक्यातच आलं नाही. मामा रागावले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं. पाइप बदलायची गरज नव्हती, तुकडे तोंडातून जरा वर आलेले असले तर बरंच, उचलायला बोटं लागतात. झाकण तेवढं उंच हवं होतं.

आणि ते नवं झाकण मामांनी चामड्याचं केलं. तेच क्रोमचं म्हशीचं, काळं, एका बॅगेतून उरलेलं. म्हणाले, झाकणाच्या बिजागरीलाच रोज घडी पडते, व्हिनाइल पहिलं तिथंच चिरणार. चामड्याला घडीचं भय नाही. खांद्याच्या पट्ट्यालाही जोड तेच लावलं. जादा दोनशे रुपये घेतले, तेही मी बळेच दिले. अंगभर व्हिनाइल आणि टोपी चामड्याची, असं हे प्रकरण आहे. पार्लरमध्ये ज्यांना कळतं ते झाकणाला हात लावून बघतात. बाकीचे सगळी केसच चामड्याची समजतात, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

पहिला पावसाळा झाला. भिजली की घरी आल्याबरोबर झाकण उघडं टाकून पंख्याखाली ठेवतो, कारण आत कोंडलेली ओल लाकडाला वाईट. शाफ्ट वाकला की मग केस सोन्याची असली तरी काय करायचंय. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या असतात. व्हिनाइलवर ओरखडासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये चार दिवस गावी गेलो होतो. परत येऊन कपाट उघडलं तर काळ्या झाकणावर पांढरी बारीक साय धरलेली. मी फडकं शोधत होतो, तेवढ्यात बायकोने मागून डोकावून बघितलं.

"गळायची थांबली म्हणायची," ती म्हणाली, "आता पिकायला लागली."