बारवेत उतरताना : उन्हाळी हंगामातील छायाचित्रणाच्या नोंदी

या हंगामात मी एकच प्रश्न हाती धरला होता : बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, वरून न दाखवता, उतरणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून कशी दाखवावी. ड्रोन हाताशी आल्यापासून बारवेचे छायाचित्र म्हणजे आकाशातून दिसणारी तिची भूमिती, असेच समीकरण झाले आहे. ती छायाचित्रे देखणी असतात आणि आराखडा समजून घेण्यासाठी उपयोगीही पडतात. परंतु पाण्याची पातळी पावसाळ्यात काठाजवळ असो की वैशाखात तळाशी, घागर घेऊन आलेल्या माणसाला पाण्यापर्यंत चालत जाता यावे, यासाठी बारव बांधलेली असते. उतरणे हाच तिच्या बांधणीचा गाभा आहे आणि वरून घेतलेल्या चित्रात नेमका तोच सपाट होऊन जातो.

सराव साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीवर केला. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. ती आज ओस पडलेली नाही, तेथे पर्यटकांचा राबता असतो. तरीही प्रकाशाच्या सर्व अडचणी एकाच ठिकाणी भेटतात म्हणून शिकण्यासाठी तिच्यासारखी जागा नाही. रुंद पायऱ्या उतरून कमानीतून आत गेले की आपल्या दोन्ही बाजूंना काळोख असतो, समोर विहिरीची उजळलेली भिंत असते आणि वर उघडे आकाश. एका एक्स्पोजरमध्ये हे तिन्ही मावत नाही. मी ट्रायपॉडवर, आयएसओ (संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवून, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच चित्रे घेतो आणि ती घरी हाताने जोडतो. सॉफ्टवेअरला आपोआप जोडू दिले की ते प्रत्येक कोपरा सारखाच उजळून टाकते आणि कमानीखालचा जो गारवा व अंधार आपल्याला जाणवलेला असतो तो नाहीसा होतो. काळोख चित्रात काळाच राहिला पाहिजे, दगडांचे सांधे जेमतेम कळतील इतकाच तो उघडावा, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

प्रकाशाच्या बाबतीत मे महिना आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो. पुण्याच्या अक्षांशावर हा शून्य सावलीचा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, लिंबला त्याच्या थोडा आधी आणि परभणीच्या बाजूला त्यानंतर काही दिवसांनी. दुसरी वेळ जुलैमध्ये येते, पण ती ढगांत जाते. मेमधल्या त्या आठवड्यात दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान ऊन थेट तळापर्यंत पोहोचते आणि नेमके तेव्हाच पाणीही खालावलेले असल्यामुळे एरवी बुडालेले टप्पे उघडे असतात. हे ऊन कठोर असते, त्यात चेहरा नसलेली पांढरी भिंतच हाती लागते, म्हणून संपूर्ण रचनेसाठी मी सकाळचा मऊ उजेडच वापरतो. दुपारची ती थोडी मिनिटे मात्र तळाच्या पायऱ्या आणि खालची देवकोष्ठे (मूर्तींचे कोनाडे) यांच्यासाठी राखून ठेवावीत. ऊन भिंतीला घासून जाते तेव्हा चिऱ्यांवरचे छिन्नीचे घाव एकेक करून मोजता येतील इतके स्पष्ट होतात.

मराठवाड्यात काम अवघड झाले, पण आनंदही तेथेच अधिक मिळाला. जुन्या संस्कृत वास्तुग्रंथांत प्रवेशमार्गांच्या संख्येवरून एक प्रवेशाची नंदा, दोनाची भद्रा, तीनांची जया आणि चारांची विजया असे वापीचे, म्हणजे बारवेचे, प्रकार सांगितले आहेत, आणि प्रत्यक्ष जागेवर किती दिशांनी चित्रे घ्यायची हे ठरवताना ही विभागणी फार उपयोगी पडते. सेलू तालुक्यातील वालूरची बारव मात्र या हिशेबात बसत नाही. तिच्या पायऱ्या वर्तुळाकार भिंतीला धरून वळत खाली जातात, त्यामुळे उतरण्याची संपूर्ण वाट दिसेल अशी एकही जागा सापडत नाही. मी तेथे एकच दिशा ठरवून घेतली. पाव वळण उतरले की थांबायचे आणि कॅमेरा होकायंत्र पाहून पुन्हा त्याच दिशेला लावायचा. चित्रे ओळीने मांडली की समोरचा काठ हळूहळू वर सरकत जातो आणि पाहणाऱ्याला आपण किती खाली आलो ते आपसूक कळते. प्रमाण समजावे म्हणून प्रत्येक टप्प्यावरील एका चित्रात दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवलेली काठी उभी करतो. ज्यांना चित्रात काठी खुपते त्यांनी तिच्याशिवाय दुसरे चित्र घ्यावे, पण मोजमापाचे चित्र सोडू नये. एखादी बारव पुढे ढासळली, तर दुरुस्ती करणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

रंगाचाही एक मुद्दा आहे. शेवाळलेल्या पाण्यावरून परतणारा उजेड खालच्या दगडांवर हिरवी झाक टाकतो आणि वरच्या टप्प्यावर ती नसते, त्यामुळे रंगाच्या एकाच मोजणीवर सगळी चित्रे सुधारली तर काळा बेसाल्ट कुठे निळा तर कुठे पोपटी दिसतो. रंग जुळवण्यासाठी करड्या रंगाचे कार्ड प्रत्येक टप्प्यावर वेगळे टिपून घ्यावे. मी हिरवी झाक पूर्ण काढत नाही, कारण ती त्या जागेचीच आहे.

अनेक बारवांच्या काठाशी किंवा कोनाड्यात साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या सात देवतांचे, शेंदूर लावलेले दगड असतात. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, खण, कधी ताजी ओटीही असते. गाव ज्या विहिरीचे पाणी आता पीत नाही तिथेही ही पूजा चालू असते. एका बारवेवर ट्रायपॉड लावत असताना शेळ्या राखणाऱ्या आजींनी हटकले, “लेकरा, आसरायकडं पाठ करून बसू नगंस.” मी जागा बदलली, आणि त्या नव्या जागेवरून कोनाडा व पायऱ्यांची रांग एकाच चौकटीत आली. तेथील वस्तू चित्रासाठी हलवू नयेत, चपला वरच काढाव्यात आणि आधी गावात कोणाला तरी सांगून जावे. संरक्षित स्मारक असेल तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच घ्यावी लागते.

धोक्यांविषयी स्पष्टपणे लिहितो. एकट्याने उतरू नये. गाळाखाली पायरी शाबूत असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक पायरी काठीने टोकून मगच पाय टाकावा. कमानीच्या पोटात आग्या मोहोळ आहे का हे बाहेरून दुर्बिणीने पाहून घ्यावे आणि असेल तर त्या दिवशी परत फिरावे. फ्लॅश किंवा धूर यांचा विचारही करू नये. वरून बुजलेल्या, हवा न खेळणाऱ्या विहिरीत जड वायू साचून राहतो व त्याला वास नसतो, तेव्हा अशा जागी कितीही मोह झाला तरी मी आत जात नाही. ज्या बारवांत सुट्या मूर्ती पडलेल्या आहेत त्यांचे अचूक ठिकाण मी चित्रासोबत देत नाही. मूर्तिचोर आणि गुप्तधनासाठी खणणारे लोक आपल्यापेक्षा अधिक चिकाटीने अशी चित्रे पाहत असतात.

पुढचे काम दिवाळीनंतर आहे. याच जागांवरून, त्याच दिशेने आणि त्याच लेन्सने पाणी भरलेल्या बारवा पुन्हा टिपायच्या आहेत. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावरील ट्रायपॉडची जागा जवळच्या दोन सांध्यांपासून मोजून वहीत आकृतीसह लिहून ठेवली आहे, म्हणजे दगडावर खूण करावी लागणार नाही. बुडालेल्या टप्प्यांऐवजी तेव्हा पाण्यात पडलेले प्रतिबिंब येईल आणि त्यासाठी पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) लावावा की काढावा, हे आधी लिंबला जाऊन ठरवणार आहे.