आमची वाटचाल : मिक्सरच्या मोटरपासून मुरुमातल्या ट्रकपर्यंत

आज आम्ही छंदाच्या रिमोटवाल्या गाड्या दुरुस्त करतो, पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा मूळचा मोटरींच्या वाइंडिंगचा. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये याच वसाहतीपासून झाली. जिथे कारखाने तिथे जळालेल्या मोटरी, असा हिशेब करून बाबांनी इथे बस्तान बसवलं. पाण्याचे पंप, एक्झॉस्ट फॅन, मिक्सर, कधी एखाद्या लेथची मोटर. जळकं व्हार्निश आणि तांब्याची तार यांच्या वासात माझ्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या. बाबा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "बंद पडायच्या आधी काय चाललं होतं?" मोटर आपणहून जळत नाही, कुणीतरी जाळतं, हे त्यांचं ठाम मत. पंपाचं बेअरिंग जाम असेल तर कितीही सुबक वाइंडिंग करा, महिन्याभरात तोच पंप पुन्हा दारात.

रिमोटच्या गाड्या आमच्याकडे आल्या त्या एका मिक्सरच्या मागून. नौपाड्यातल्या एक काकू मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्या, सोबत नववी-दहावीतला मुलगा. त्याच्या हातात काड्यापेटीएवढी मोटर. मला वाटलं खेळण्यातली असेल. तो म्हणाला, "काका, ही बारा टर्नची आहे." टर्न म्हटल्यावर बाबांनी चष्मा वर केला. टर्न म्हणजे आर्मेचरवर तारेचे वेढे. वेढे कमी केले की वेग वाढतो आणि मोटर करंट जास्त खाते. बाबांना हे शिकवायची गरज नव्हती, जन्म त्यातच गेलेला. मोटर उघडणारी होती. कम्युटेटर काळा पडलेला, कार्बन घासून निम्मे झालेले. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने कम्युटेटर साफ केला, फटींमधला कचरा घासलेल्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने काढला, कार्बन बदलले. मुलाने बॅटरी लावली आणि ती एवढीशी मोटर टेबलावर अशी किंचाळली की शेजारच्या गाळ्यातले टर्नर मामा धावत आले.

त्या मुलाने मित्रांना सांगितलं, मित्रांनी आणखी मित्रांना. तेव्हा या छंदात शॉर्ट कोर्स ट्रकचा जोर होता. अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींत धावणाऱ्या पिकअप ट्रकची एक दशांश मापाची प्रतिकृती. ट्रॅक्सास कंपनीचा स्लॅश हा ट्रक २००८ मध्ये आला आणि हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे त्यासाठी वेगळा ट्रॅक कुठला! घोडबंदर रोडच्या कडेला टॉवर उभा राहायच्या आधीचा मोकळा प्लॉट, नाहीतर खारघरकडे मुरूम टाकून सपाट केलेली जागा. वॉचमनला चहा पाजायचा आणि रविवारची सकाळ आपली.

मी बाबांकडून गाळा हातात घेतला आणि पहिली चार-पाच वर्षं त्यांची शिकवण गुंडाळून कपाटात ठेवली. लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. मला दिसले पार्ट. बाहेरून मागवायचे, वर थोडे पैसे लावायचे, बसवून द्यायचे. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. कुणी म्हणालं वेग हवा, की ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनची मोटर. आणखी हवा, तर दोन सेलऐवजी तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. मोटरवर ३३०० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे) लिहिलं असेल तर एका व्होल्टला विनालोड मिनिटाला ३३०० फेरे. पूर्ण भरलेल्या दोन सेलचे ८.४ व्होल्ट धरले तर मिनिटाला साधारण २७,७००, आणि तीन सेलच्या १२.६ वर ४१,६००. हे फेरे झेलणारा मोठा गिअर प्लॅस्टिकचा. तो वितळला की स्टीलचा बसवायचा. स्टीलच्या गिअरने धक्का पुढे ढकलला की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच, सोलून निघायचं. ते मजबूत केलं की चाकाकडे जाणारे दांडे मोडायचे. प्रत्येक पायरीवर माझं बिल.

एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी चौथ्या बिलाला शांतपणे विचारलं, "तुम्ही गाडी दुरुस्त करता की हप्ते लावून दिलेत?" बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पान उलटलं, बोलले काही नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच. मामांनी लेथ-मिलिंगवर पुढच्या चाकांचे आर्म बनवून दिले. कामाला नाव ठेवायला जागा नाही, निळं अ‍ॅनोडायझिंगही करून घेतलं. पहिल्याच रविवारी गाडी दगडावर आदळली. आर्म किंचित वाकला आणि तसाच राहिला, पण तो ज्यात अडकवलेला तो पुढचा बल्कहेड फुटला. मूळचा नायलॉनचा आर्म अशा वेळी लवतो आणि परत जागेवर येतो, नाहीतर स्वतः मोडून मागचं वाचवतो. स्वस्त पार्ट मोडावा अशीच रचना असते. ते निळे आर्म अजून गाळ्यात खिळ्याला टांगलेत. नवीन पोऱ्या कामाला लागला की मी आधी ते दाखवतो.

मग २०२० उजाडलं. फेब्रुवारीच्या बजेटात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली (पुढे २०२३ मध्ये ७०), आणि दोन महिन्यांच्या आत लॉकडाउन. पार्ट येईनात, आले तर परवडेनात. गाळ्यात अकरा गाड्या अडकलेल्या आणि लोकांचे फोन, "घरी बसलोय, निदान गच्चीत तरी चालवू द्या." पार्ट नाही म्हटल्यावर उरलं काय? बाबांचा प्रश्न. बंद पडायच्या आधी काय चाललं होतं?

अकरांपैकी सात गाड्यांना नवीन पार्ट लागलाच नाही. एकीत मोटर फिरते, चाकं हलत नाहीत. पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर न बसता गोल भागावर बसवलेला. सपाटी शोधून, स्क्रू सुटू न देणारा निळा थ्रेडलॉक लावून घट्ट केला, संपलं. दोघींमध्ये मोटर तापत होती, कारण पिनियन आणि मोठा गिअर एकमेकांत रुतवून बसवलेले. यावर आमची युक्ती पावतीपुस्तकाची आहे. कागदाची अरुंद पट्टी दोन गिअरच्या मध्ये धरायची, मोटर तिच्यावर दाबायची, स्क्रू आवळायचे, मग गिअर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढायची. ती नागमोडी घडी पडून अखंड आली पाहिजे. फाटली तर फार घट्ट, घडीच नीट पडली नाही तर ढिलं. आणि हे मोठ्या गिअरच्या तीन-चार जागी बघायचं, कारण तो दिसतो तितका गोल नसतो. या कामाला पाच मिनिटं लागतात. ती वाचवायला लोक नवी मोटर घेतात, आणि मी ती विकत होतो.

लॉकडाउन सुटल्यावर आम्ही पाटी बदलली. पार्ट लावा अगर नका लावू, तपासणीचे पैसे वेगळे. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. "नुसतं बघायचे पैसे?" हो, नुसतं बघायचेच. काही जण गेले ते परत आले नाहीत.

बघण्यात काय असतं हे सांगायला एकच केस पुरे. रबाळ्याला नोकरी करणारे एक गृहस्थ फोर व्हील ड्राइव्ह ट्रक घेऊन आले. तक्रार अशी की सरळ रस्त्यावर गाडी झकास, पण वळणावर, विशेषतः उडी घेऊन वळताना टेकली की क्षणभर मेल्यासारखी होते आणि पुन्हा जिवंत होते. त्यांनी रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर बदलला, रिमोट बदलला, शेवटी मोटरचा वेग सांभाळणारा ईएससीसुद्धा. आजार जिथल्या तिथे. आमच्याकडे स्टँडवर चढवली, अर्धा तास चालवली, काहीच नाही. पोऱ्या म्हणाला, साहेबांच्या हाताचा दोष असेल.

मी विचारलं, सगळ्यात पहिल्यांदा काय बदललं होतं? म्हणाले, स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, पंचवीस किलो ताकदवाला, पण तो तर मस्त चालतोय.

तिथेच शंका आली. स्टँडवर चाकं हवेत असतात, सर्व्होला जोरच लावावा लागत नाही. मी गाळ्याच्या दारातलं गोणपाट ओलं केलं, गाडी त्यावर ठेवली, वर हाताने वजन दिलं आणि पोऱ्याला म्हटलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरव, झटक्यात. तिसऱ्या झटक्याला रिसीव्हरचा लाल दिवा मिचकला. मल्टिमीटर किमान आकडा धरून ठेवायच्या मोडवर लावला, कारण साध्या मोडवर ही बुडी इतकी छोटी असते की आकडा जागचा हलत नाही. सहाचा व्होल्टेज तीनच्या आसपास आपटत होता. एवढा दणकट सर्व्हो अडला की तीन-चार अँपिअर ओढतो. ईएससीच्या आतला सप्लाय, म्हणजे बीईसी, तेवढं देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळला की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्यानंतर त्यांनी सगळं बदललं, फक्त करंट खाणारा सर्व्हो तोच ठेवला.

उपाय छोटा होता. बॅटरीवरून थेट वेगळा बीईसी घेतला, सहा व्होल्टवर लावला, आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली लाल तार उपसून तिला टेप गुंडाळला. ती लाल तार महत्त्वाची. विसरलात तर दोन सप्लाय एकमेकांत घुसतात. त्या बीईसीला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे गृहस्थांनी आधीच घालवले होते. ते काही बोलले नाहीत, गोणपाटाकडे बघत राहिले. आता ते गोणपाट आमच्या हत्यारांत मोडतं.

आमच्या हातूनही चुका झाल्या. एकदा नवा रिसीव्हर जोडून दिला आणि फेलसेफ लावायचं विसरलो. सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर यावा, एवढीच ती सोय. गाडी रेंजबाहेर गेली, थ्रॉटल होता तसाच राहिला आणि ती थेट फुटपाथच्या दगडात. माणूस मध्ये नव्हता म्हणून निभावलं. सगळा खर्च आम्ही दिला. तेव्हापासून गाडी परत देताना चाकं हवेत धरून रिमोट बंद करून दाखवायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर.

लिपोच्या बाबतीत मात्र आम्ही आधीपासून भित्रे. फुगलेली बॅटरी चार्ज करून देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो. गाळ्याच्या मागे मातीच्या दोन कुंड्या आहेत, रेतीने अर्ध्या भरलेल्या, संशयित बॅटऱ्या त्यात. पावसाळ्यात गाडी वापरणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी बाजूला काढा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्या गणपतीपर्यंत पोळीसारख्या फुगून येतात.

पावसाळा म्हणजे आमचा सीझन. बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते मोटर-ईएससीबद्दल, बेअरिंगबद्दल कुणी लिहीत नाही. चिखलातून गाडी आली, पुसून ठेवली, पुढच्या रविवारी चाक करकरतं. त्या रात्रीच चाकं काढून बेअरिंगवर पाणी हटवणारा स्प्रे आणि मग हलक्या तेलाचा थेंब मारला तर आमचा निम्मा धंदा बसेल. मारत नाहीत, म्हणून चाललंय. पाच-अकरा-चारची (मिलिमीटरमध्ये आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) बेअरिंग मी नागदेवी स्ट्रीटवरून डझनाने आणतो. तिथल्या शेठना गाडी माहीत नाही, पण आकडा सांगितला की हात बरोबर त्या खणात जातो.

आज गाळ्यात आम्ही चौघे. पंप आणि मिक्सर अजून येतात, बाबा हात लावत नाहीत, पण आर्मेचर हातात घेऊन बघतात. पार्टची विक्री पहिल्यापेक्षा कमी आहे. हिशेब बघणाऱ्या सौं.ना ते पटायला वेळ लागला, पण तपासणीची वही भरल्यावर त्यांची तक्रार बंद झाली.

एक विनंती. गाडी आणाल तेव्हा एकटी आणू नका. रिमोट, बॅटरी आणि चार्जर सोबत आणा, कारण निम्म्या वेळा दोष त्या तिघांत असतो. येणं जमत नसेल तर चालत्या गाडीचा व्हिडिओ पाठवा, आवाजावरून बरंच कळतं. परवा ऐरोलीहून एकाने पाठवला. छान शूट केलेला, स्लो मोशन वगैरे, आणि मागे ढोल-ताशाचं गाणं लावलेलं. मोटरचा आवाज कुठेच नाही.