‘इतर’ नावाचा रकाना

2023च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांची गटचर्चा घ्यायची होती. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती हवामानबदलावर मार्गदर्शक दस्तऐवज तयार करत होती आणि त्यासाठी जगभरच्या मुलांची मतं मागवली होती. आम्ही त्या साखळीतली अगदी खालची कडी. मुलांना बोलतं करायचं, जसंच्या तसं टिपायचं, वर पाठवायचं.

खरी कसरत चर्चेच्या आधीच होते. पालकांचं संमतिपत्र लागतं, पण पालक उसाच्या फडावर. मग आजीचा अंगठा आणि फोनवर बापाचा होकार, मागे कोयत्यांचा आवाज. मुख्याध्यापकांनी ‘हुशार पोरं’ निवडून ठेवली होती. प्रत्येकाला वृक्षारोपणाचं भाषण तोंडपाठ. सरांना चहाच्या निमित्तानं बाहेर काढल्याशिवाय एकही खरं वाक्य ऐकू येत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. आदर्श शाळांत तर जास्तच.

छापील प्रश्न होता: हवामानबदलाचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? पुढे रकाने: पूर, दुष्काळ, उष्णता, इतर.

नववीतली एक मुलगी म्हणाली, “दुष्काळामुळं आमचे आई-बाप जातेत असं सगळे लिहितेत. गेल्या पावसाळ्यात धो धो पाऊस झाला, तरी गेलेच की. उचल घेतलेली असती. ती फिटत न्हाई तवर मुकादम सोडत न्हाई.”

तिनं प्रश्नच खोडून काढला होता. दुष्काळाचा वाटा मोठा आहेच, पण एकदा उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, अंगावर आली की पाऊस पडो न पडो, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर दारात उभा राहतो. मी तिचं म्हणणं शब्दशः लिहिलं. वरिष्ठांचा निरोप आला, “विषयाशी संबंध नाही, इतरमध्ये टाका.” मी भांडले, पण शेवटी ते तिथंच गेलं.

बालहक्क करार 1989चा, भारतानं तो 1992मध्ये स्वीकारला. त्याचं 12वं कलम सांगतं की मुलांच्या मताला वय आणि समज पाहून योग्य वजन द्या. समितीत मात्र 18 तज्ज्ञ, सगळे मोठे. प्रश्न मोठ्यांनी ठरवायचे, मुलांनी फक्त उत्तरं द्यायची, याला सहभाग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ऑगस्ट 2023मध्ये दस्तऐवज आला: 26वी सामान्य टिप्पणी. 121 देशांतल्या मुलांच्या 16,331 प्रतिक्रिया. काम मोठं झालंय, यात वाद नाही. मी त्यात उचल शोधत बसले, ती काही सापडली नाही. मुलांच्या मताचं पुढे काय झालं हे त्यांना परत जाऊन सांगावं, असा समितीचाच दंडक आहे. आमच्या बजेटमध्ये मात्र त्याला हेडच नव्हतं. म्हणून मुलीला फोन केला.

“मुकादमाचं काय ठरलं मग?” तिनं विचारलं.

सरकारांनी काय करावं ते त्यात सांगितलंय, सक्ती नाही, असं मी समजावलं.

“बरं. पुढच्या टायमाला मुकादमाला बी बोलवा. आमी इचारतो त्याला.”